भरल्या ताटावरून

जावयानं रुसावं. धोंड्याच्या महिन्यात तर रुसावंच, त्याशिवाय सासरच्या जेवणाला गोडी नाही. पण रुसण्यालाही काही रीत असते. पाटावर बसावं, मान जरा वळवावी, सासूनं "काय कमी पडलं वो?" म्हणून विचारावं, हातात अंगठी नाहीतर घड्याळ पडावं, आणि मग गुमान पहिला घास घ्यावा. भातावरचं तूप थिजलं तरी ज्याचा हात ताटाकडं जात नाही, असली माणसं मी खानावळीत पुष्कळ बघितलीत. ती जेवायला आलेली नसतात.

आमचे सुयोगराव पाटावर बसले. ताटाकडं बघून म्हणाले, "स्टीलचं?"

"जाड हाय," मी म्हटलं. "आगीत पडलं तरी काय होत न्हाई."

"आमच्या एका मित्राला पहिल्या धोंड्याला चांदीचं ताट दिलं सासूनं." एवढं बोलून त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "असो. आई, आधी ते बारा शब्द द्या. मग जेवतो."

"जेवा की आधी. शब्द कुठं पळून चाललेत?"

"नाही. आधी शब्द."

शेजारच्या पाटावर माझी वैजू, नवी साडी नेसून. तिच्यापुढं तिचं ताट. नवऱ्यानं घास घेतल्याशिवाय ती घेणार नाही. समोर भिंतीला टेकून माझे धाकटे दीर, दादूभाऊजी. जावई जेवल्याशिवाय घरात कुणीच जेवायचं नाही, त्यामुळं भाऊजी सकाळपासून पुरणाच्या वासावर तग धरून होते.

"रुसलं! जावई रुसलं!" भाऊजी खूश झाले. "वहिनी, काढा काय काढायचं ते. घड्याळ काढा."

"घड्याळ नको मला, काका. बारा शब्द हवेत."

हे बारा शब्द काय, ते सांगायला पाहिजे.

इचलकरंजीत माझी खानावळ होती. वैजूचे वडील माग चालवायचे. ते गेले आणि मी चूल पेटवली ती मागावरच्या कामगारांच्या पोटासाठी. बिहारचे, कर्नाटकातले, आपल्या खेड्यापाड्यातले, सगळे माझ्या हातचं जेवले. दारू पिऊन आलेल्याला मी शिव्या घातल्या, पण वाढलं. भांडून गेलेला परत आला तर आधी वाढलं, मग शिव्या घातल्या. माझ्या दारातून उपाशी कुणी गेलं नाही, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते, कारण दुसरं कोण सांगणार? पुढं गुडघे गेले. खानावळीची जागा विकली. त्या पैशावर पहिला विचार सुयोगरावांचा.

"आई, बँकेत ठेवून काय मिळणार? कॉइनमध्ये टाकू. वैजूच्या नावाचंच समजा."

"नाणं व्हय? दाखवा बघू."

"ते दिसत नाही. फोनमध्ये असतं."

"दिसत न्हाई, वाजवून बघता येत न्हाई, ते नाणं कसलं वो?"

ते हसले. वैजू म्हणाली, "आई, त्यांना कळतं त्यातलं." पोरीचं नवं लग्न. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्यासमोर फोनमध्ये ते पाकीट उघडलं, तेव्हा फोननं इंग्रजीत बारा शब्द दाखवले. सुयोगरावांनी ते एका कागदावर एकाखाली एक, आकडे घालून लिहिले. समजावून मात्र नीट सांगितलं, खोटं कशाला बोलू? फोन हरवू दे, फुटू दे, हे बारा शब्द ह्याच क्रमानं ज्याच्याकडं असतील त्याचं पाकीट. फोटो काढायचा नाही, कुणाला दाखवायचं नाही. आणि शब्द गेले की सगळं गेलं. मग कुणी साहेब येऊन कुलूप तोडून देत नाही.

"म्हंजे चावी," मी म्हटलं. "मग ती माझ्याकडं ऱ्हाणार."

"ठेवा की!" सुयोगराव हसत म्हणाले. "तुम्हाला थोडंच वाचता येतंय!"

ते खरंच होतं. माझी शाळा दुसरीत सुटली. आकडे येतात, सही येते, पुढं काही नाही. पण हसत हसत बोललेलं मी जास्त लक्षात ठेवते. कागद घडी घालून कनवटीला लावला आणि पुढं त्याचं जे करायचं ते माझ्या रीतीनं केलं.

तर आता तेच शब्द ते मागत होते, पाटावर बसून, भरल्या ताटासमोर.

"अहो, पण आत्ताच कशाला?" वैजूनं हळू आवाजात विचारलं.

"फोन पाण्यात पडला नाही का माझा? सगळं गेलं त्यातलं. नव्या फोनवर वॉलेट उघडायला ते शब्दच लागतात."

मला खरं तर हसू येत होतं. शब्द आज ह्यांना मिळणारच होते, मीच देणार होते. महिनाभर मी त्याच आनंदात होते. म्हटलं, रुसू दे थोडं. पहिलाच धोंडा.

"जेवता जेवता मिळतील तुम्हाला. एवढा घास घ्या बघू, जावईबापू."

"हे काय लहान मुलांचं बक्षीस आहे का, आई?"

"घ्या वो, जावईबापू," भाऊजी म्हणाले. "निदान भजं तरी मोडा. माझ्या पोटात कावळं न्हाईत आता, गिधाडं बसल्यात."

सुयोगराव हसले नाहीत. "हे बघा आई, स्पष्टच बोलतो. वॉलेट उघडून त्यातलं सगळं मी माझ्या वॉलेटमध्ये घेणार आहे. आणि इथून पुढे शब्दही माझ्याकडेच राहतील. तुमचं वय झालंय. उद्याचं काय सांगावं?"

"मी मरायच्या आत तुम्हालाच देणार हाय की सगळं. पण ते वैजूच्या नावाचं ना?"

"तिचं आणि माझं काही वेगळं आहे का?"

तेवढ्यात फोन वाजला. सुयोगरावांनी सदऱ्याच्या खिशातून काढला, बघितला, बंद केला. त्यांचा फोन मांडीजवळ पालथा पडलेला. खिशातला वैजूचा होता, कडेला तिच्या आवडीचं जांभळं कव्हर.

"कुणाचा होता?" वैजूनं विचारलं. स्वतःच्या फोनबद्दल. त्यांना.

"ऑफिसचा. नंतर बोल."

"तुझा फोन त्यांच्या खिशात कसा गं?" मी विचारलं.

"माझ्याकडून हरवतो, आई."

हरवतो! ही पोर शाळेतून आली की खानावळीच्या कुपनांची पेटी मांडीवर घेऊन दारात बसायची. चाळीस माणसं दारात गर्दी करायची, पण एक कूपन कधी इकडचं तिकडं झालं नाही. मी वैजूकडं बघत राहिले. ती ताटाकडं बघत राहिली.

"आणि पगाराचं कार्ड कुठं असतंय तुझं?"

तिनं तोंड उघडायच्या आत सुयोगराव म्हणाले, "माझ्याकडे आहे. सोयीचं पडतं." सहज म्हणाले. मीठ वाढा म्हणावं तसं.

"भाजी आणायला?"

"मागते ना मी, आई," वैजू म्हणाली. "देतात ते."

माझं हसू तिथंच संपलं.

कारण ते बारा शब्द सुयोगरावांच्या ताटात होते.

कागदावर माझा भरवसा नाही. कागद उंदीर खातो, भिजतो, गॅसजवळ राहिला तर पेटतो. खानावळीत मी एकच शिकले, ज्या भांड्यावर नाव नाही ते भांडं आपलं नाही. नाव न घातलेला पेला दुपारी दिसला तर संध्याकाळी दिसेल ह्याची खात्री नाही. म्हणून माझ्या ताट-वाटी-तांब्यावर, झाऱ्यावर, चिमट्यावरसुद्धा नाव आहे. मग एवढ्या मोठ्या चावीला कागद कसा चालेल? बाजारातलं सगळ्यात जाड ताट घेतलं. कागदाच्या बारा पट्ट्या कापल्या, पुढचे आकडे कापून टाकले, आणि भांड्यांवर नाव घालणाऱ्या बसाप्पापुढं बसले. ताटाच्या पोटात एकेका जागी बोट ठेवायचं आणि एकेक पट्टी द्यायची. ही हितं, ही तितं.

"आक्का, ही कुणाची नावं म्हणायची?" बसाप्पा म्हणाला. "काय लागंना झालंय."

"मंतर हाय. विंग्रजी."

"कशावरचा?"

"जावयावरचा. घाल गुमान."

त्यानं मशीन कर्र कर्र फिरवलं. आणि क्रम? क्रम आम्ही वाढतो तोच. पहिला शब्द मिठाच्या जागी. मग डावी बाजू, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर, भजी. मग उजवी, सुकी भाजी, पातळ भाजी, आमटीची वाटी. मग मधोमध भात, त्याच्याखाली धोंडे, आणि शेवटी तुपाच्या वाटीची जागा. ज्याला ताट वाढता येतं त्याला तो मंतर लागणार, दुसऱ्याला नुसती नावं. घरी येऊन पट्ट्या गॅसवर धरल्या. आता जे काही होतं ते त्या ताटात.

त्या दिवशी मी स्वतः वाढलं होतं. एक अक्षर उघडं ठेवलं नव्हतं. माझ्या मनात असं होतं की जावई जेवतील, ताट रिकामं होत जाईल तशी अक्षरं वर येतील, आधी त्यांना कळणार नाही, मग कळेल, आणि ते म्हणतील, "आई, कमाल केलीत!" धोंड्याचं ताट जावयानं घरी न्यायचं असतं. ते न्यायचं दोघांनी, आणि चावीही.

आणि आता मी हात जोडत होते की ह्या माणसानं जेवू नये.

पण काय करणार? जावयापुढचं भरलं ताट सासूनं कसं उचलावं? तसलं पाप मी शत्रूच्या बाबतीतही केलं नसतं. शेजारणी खिडकीतून डोकावत होत्या, आरतीचा दिवा अजून जळत होता. मी तिथून हलूही शकत नव्हते. आणि रीत अशी की मी आग्रह करायचा. गप्प बसले तर त्यांना संशय येणार.

"जेवा, जावईबापू," मी म्हटलं. माझ्या आवाजाची मलाच शिसारी आली.

"कागद कुठे आहे, आई?"

"जाळला."

ताटावर बसलेला माणूस इतका पांढरा पडलेला मी बघितला नव्हता. "जाळला म्हणजे?"

"गॅसवर धरला. जळला."

"तुम्हाला कळतंय का काय केलंत? दुसरीकडे कुठेच नाहीत ते शब्द! वैजू, ऐकलंस? तुझ्या आईनं—" मग एकदम थांबले. माझ्याकडं बारीक डोळे करून बघितलं. "नाही. तुम्ही असलं करणार नाही. तुम्ही चमच्यावरसुद्धा नाव घालून घेता. कुठेतरी ठेवलेत तुम्ही."

बुद्धी होती हो माणसाला. दोन बोटांवर येऊन उभा राहिला होता.

"वैजू, आईंची ट्रंक बघ."

वैजू उठली नाही. माझ्याकडं बघत राहिली.

"ऐकू येत नाही का?"

"बघ," मी म्हटलं.

माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या पोरीनं माझी ट्रंक उघडली. तिच्या बापाचा फेटा काढला. स्वतःचं बाळपणीचं टोपडं काढलं. उरलेल्या कुपनांचा दोऱ्यानं बांधलेलं पुडकं हातात आलं, तेव्हा तिचा हात जरा थांबला. सुयोगराव पाटावरूनच सांगत होते. साड्यांच्या घड्या सोड. अस्तर बघ. काका, तुम्ही देव्हारा बघा. बरण्या बघा.

"बरणीत लोणचं हाय, जावईबापू," भाऊजी आतून म्हणाले. "विंग्रजी न्हाई."

"चेष्टा नकोय, काका."

"चेष्टा कशाची? हात घातलाय नव्हं कोपरापातूर!"

रागारागात माणसाचा हात काय करतो ते त्याला कळत नाही. सुयोगरावांचा हात ताटात गेला आणि त्यांनी भजं उचललं. मोडलं. भज्याखाली स्टील चकाकलं आणि त्यावर दोन अक्षरं, तेलात बुडालेली.

"मोडलं! भजं मोडलं!" भाऊजी लोणच्याचा हात वर करून बाहेर आले.

मी परातीतली चार भजी उचलली आणि त्याच जागी ठेवली. "घ्या की अजून. गरम हाईत."

त्यांनी हातातला तुकडा ताटात टाकून दिला. "आग्रह करून मी बधणार नाही, आई."

"नका बधू. पण चटणी बघा तरी. कोशिंबीर संपली का? थांबा, वाढते." कोशिंबिरीला त्यांनी बोटही लावलेलं नव्हतं, तरी मी वरून वाढली. भातावर भात वाढला. आयुष्यभर लोकांच्या पोटासाठी वाढलं, त्या दिवशी झाकायला वाढलं. आणि मी जितकं वाढत गेले तितकी त्यांना खात्री होत गेली की म्हातारी घाबरलीय, आता देईल. चिडून त्यांनी आमटीची वाटी पुढं ढकलली. वाटी सरकली, खालच्या शब्दाचं शेपूट बाहेर आलं.

"गार झाली काय आमटी? बदलून देते." वाटी उचलली, दुसऱ्या हातानं तिथं पापड टाकला, नवी वाटी आणून त्यावर ठेवली. पापड चिरडला.

"काहीच नाहीये," वैजू ट्रंकेपाशी बसून म्हणाली. तिच्या मांडीवर फेटा होता.

"तिला माहितीये कुठे आहे ते," सुयोगराव माझ्याकडं बोट करून म्हणाले. आई म्हणायचं सुटलं होतं. मग उठले. भरल्या ताटावरून उठले. शेजारीण खिडकीत "अगो बाई" म्हणाली आणि खिडकी लावून घेतली.

"मी गाडीत बसतो. शब्द घेऊन वैजूला बाहेर पाठवा. शब्दांशिवाय पाठवू नका. शब्द नसतील तर राहू दे तिला तुमच्याजवळच. तुम्हालाही सोबत होईल."

एवढं बोलून ते गेले. हळू बोलले, नीट बोलले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

बाहेर गाडीचं दार लागलं. मग हॉर्न वाजला. एकदा, मग जरा थांबून पुन्हा.

वैजू माझ्यापुढं येऊन बसली. "आई, दे ना गं. असतील तर दे. माझ्यासाठी दे. ते बोलतात ते करतात."

"तुला जायचंय त्यांच्यासंगं?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मी विचारलं, जायचंय का?"

"न जाऊन कसं चालेल?"

"ते मी विचारलं न्हाई."

हॉर्न वाजला. तिचे खांदे तेवढ्यानं दचकले. प्रत्येक हॉर्नला दचकत होते. ही सवय कुठं लागली पोरीला? माझ्या घरात तर नव्हती.

"सकाळपासनं काय खाल्लंस?"

"काही नाही."

"सरक. त्या ताटावर बस."

"त्यांच्या?"

"भजं नुसतं मोडलंय. उष्टं केलं न्हाई. बस."

"आई, मला जेवण सुचतंय का आत्ता?"

"भूक लागली का न्हाई?"

तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "लागलीय."

"मग जेव. मीठ आधी."

ती नवऱ्याच्या पाटावर बसली. सवयीनं ताटाला हात लावून नमस्कार केला. मग मीठ भाताला लावायला चिमटीत घेतलं आणि तशीच थांबली. बोटानं उरलेलं मीठ बाजूला केलं. वाकून बघितलं. लिंबाची फोड उचलली. तिच्याखाली बघितलं. चटणी बोटानं सारली. माझी पोर ताटं वाढत मोठी झालेली, तिला काही सांगावं लागलं नाही. तिचं बोट डाव्या बाजूनं वरून खाली गेलं, उजव्या बाजूला आलं, आमटीच्या वाटीपाशी आलं, आणि मग तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"त्यांच्यासमोर होतं हे?" नुसते ओठ हलले तिचे.

मी मान हलवली.

"सगळा वेळ?"

"मीच वाढलं होतं."

तिनं दाराकडं बघितलं. एक हाक मारायची होती, बस. "अहो, सापडले." गाडी दारातच होती. ती हाक मारती तर ते आत आले असते, जेवलेही असते कदाचित, हसत हसत. शेजारणीची खिडकी उघडली असती. सगळं रीतीला धरून झालं असतं. मी तिचा हात धरला नाही, डोळ्यानंही काही सांगितलं नाही. चावी तिची होती. तिलाच ठरवू दे कुणाला द्यायची ते.

पुढं वैजूनं आपल्या हातानं ते पाकीट उघडलं, सगळं नव्या बारा शब्दांच्या दुसऱ्या पाकिटात हलवलं, आणि ते ताट आता आमच्याकडं तांदूळ निवडायला आहे. पण ते नंतरचं. त्या दुपारी बाहेर हॉर्न वाजत होता, आता थांबून थांबून नाही, एकसारखा.

वैजूनं भात ओढला. मिठाच्या जागेवर सारला. लिंबाच्या जागेवर सारला. आमटी ओतून कालवला आणि घास घेतला. मग दुसरा. मोठा घास, गालात मावेना असा. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती जेवत होती, आमच्याकडं दिवसपाळी करून आलेले कामगार जेवायचे तशी, मान खाली घालून.

"जेवली!" भाऊजी म्हणाले. मग इकडं तिकडं बघून हळूच, "मग मी बसू का, वहिनी?"

"बसा."

हॉर्न बंद झाला. गाडीचं दार वाजलं. सुयोगराव उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले, बूट घालूनच.

"वैजू, येतेस की नाही? शेवटचं विचारतोय."

तिनं मान वर केली नाही. डावा हात ताटाच्या काठावर आडवा ठेवला.

"मी जेवतेय," ती म्हणाली.

"माझ्या ताटात?"

भाऊजींनी धोंडा मोडला, त्याचाच काय तो आवाज.

"बघा हं," सुयोगराव मला म्हणाले. "सगळं बुडालं तर ते तुमच्यामुळे. वाचता येत नाही आणि चावी ठेवायला निघाल्या. एवढं लक्षात ठेवा."

मी भिंतीला धरून उठले. गुडघे करकरले. आरतीतला दिवा विझवला आणि दारात जाऊन उभी राहिले, उंबऱ्याच्या आत. इतका वेळ तोंडात जावईबापू बसलेलं होतं, ते गिळलं.

"सुयोगराव," मी म्हटलं, "तुम्ही मागितलं ते सगळं मी तुमच्या पुढ्यात वाढलं होतं. तुम्ही ताट सोडून माझी ट्रंक बघत बसला. आता खिशातला पोरीचा फोन हितं उंबऱ्यावर ठेवा. कार्ड ठेवा. माझ्या दारातनं आजवर कुणी उपाशी गेलं न्हाई. तुम्ही जावा."